स्विचला पाणी लावू नये

वूछी, ऑक्टोबर १९८३

बाबा,

वारा सुटला. परवा सकाळी दुकानाचं शटर वर केलं आणि हात मिठानं चिकट लागला, तेव्हाच कळलं. तुमच्याकडे बेटावर, मागुंगला तर केव्हाच सुटला असेल. आईच्या कोबीभोवतीची दगडी भिंत यंदा तरी उभी आहे ना? गेल्या वर्षी पडली तेव्हा तिनं हिवाळाभर तुमचं डोकं खाल्लं होतं.

फोन केला असता, पण किराणावाल्या काकूंकडे उभं राहून बोलायचं म्हणजे अख्ख्या गल्लीला ऐकवायचं. आणि विषय धंद्याचा आहे, म्हणून लिहायला बसले.

मी लग्न होऊन इथे आले तेव्हा या दुकानात पंक्चर आणि ऑइल एवढंच चालायचं. कुओ-आनला इंजिनातलं कळतं, विजेचं काही कळत नाही, हे तो स्वतःच गिऱ्हाइकांना सांगतो. त्यामुळे हँडलवरचे स्विच माझ्याकडे. बाई हँडल खोलतेय म्हणून लोक आधी हसायचे. आता दारातूनच विचारतात, "मालकीणबाई आहेत का?" तुमच्या दुकानात लहानपणापासून जे बघितलं त्याच्या जिवावर चाललंय हे सगळं. मालक लूंनी तर त्यांच्या गॅस पोचवायच्या सगळ्या मोटरसायकली वर्षाच्या बोलीवर आमच्याकडे दिल्यात. मी कळवलं होतं तुम्हाला. तुम्ही उत्तरात 'बरं' एवढंच लिहिलंत.

आता अडचण ऐका. मी साफ केलेले स्विच महिना-दीड महिना झकास चालतात. मग इंडिकेटर मध्येच बंद पडतो, हॉर्न आपोआप वाजायला लागतो, दिवा लागतो आणि खड्ड्यात गाडी गेली की विझतो. खोलून बघावं तर पितळेच्या पट्ट्यांवर परत हिरवा कळंक. आणि तोही माझ्याच ग्रीसच्या खाली. मागुंगचा वारा इथल्या दुप्पट खारा. तरी तुमच्या हातून गेलेला स्विच तीन-चार हिवाळे कुणाला खोलावा लागत नाही. मग माझं काय चुकतंय?

मी काय करते ते लिहिते. बॅटरीची वायर काढते. स्विच खोलते, पेट्रोलनं धुते. पट्ट्या खोडरबरानं घासते, पॉलिश पेपर लावत नाही. स्पिरीटनं पुसते, ग्रीसचा हात देते आणि बंद करते. तुम्ही करायचात तेच, मी बघितलं तेवढं.

एक गोष्ट डोक्यात घोळतेय. संध्याकाळी हाताला जे मीठ बसलेलं असतं ते पेट्रोलनं जात नाही, स्पिरीटनं जात नाही. गरम पाण्यानं जातं. मग स्विचसुद्धा उकळून कोमट केलेल्या गोड्या पाण्यात बुडवून काढला तर? कुओ-आन म्हणाला, विजेच्या वस्तूला पाणी, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना. सासूबाई तिथेच लसूण सोलत बसल्या होत्या. म्हणाल्या, "बापाकडून शिकून आलीस म्हणे. अर्धंच शिकवलं वाटतं त्यांनी." मला त्यांच्या बोलण्याचं काही वाटत नाही असं लिहिणार होते, पण वाटतं.

लूंनी स्पष्ट सांगितलंय, या हिवाळ्यात गाड्या सारख्या दुकानात आल्या तर पुढच्या वर्षी काम दुसरीकडे. तेव्हा लवकर लिहा. पाण्यात बुडवू का? तुम्ही हो म्हणालात तर उद्यापासून करते.

तुमची
आ-श्या

मागुंग, नोव्हेंबर १९८३

आ-श्या,

पत्र मिळालं. अक्षर अजून कोंबडीनं उकरल्यासारखंच आहे.

भिंत पडलेली नाही. आई सांगते की यंदा तिनं स्वतः रचली म्हणून पडली नाही. तसंच लिही म्हणून ती मागे उभी आहे, म्हणून लिहिलं.

पाण्याचं काय डोक्यात घेतलंस? एवढी वर्षं दुकानात वावरलीस आणि हे सुचलं? विजेच्या स्विचला पाण्याचा थेंब लावायचा नाही. कधीच नाही. नवऱ्याला इंजिनातलंच कळत असेल, पण एवढं तरी त्याला कळतं.

आता नीट वाच. स्विचच्या खालच्या अंगाला एक बारीक भोक असतं. ते ग्रीसनं बुजतं, मग आत शिरलेली ओल बाहेर जात नाही. सुईनं मोकळं कर. वायर हँडलवरून सरळ आत जाऊ देऊ नकोस, आधी खाली झोळ दे आणि मग वर घे, म्हणजे वायरवरचं पाणी झोळातून गळून जातं. स्प्रिंग मेलेली असेल तर बदल, ओढून लांब करू नकोस. ग्रीस थापू नकोस. बोटाला लागलं न लागलं इतकंच पुरे.

एवढं केलंस तर तुझे गॅसवाले पळत नाहीत. उरलं ते हाताचं काम, आणि हात वर्षांनी बसतो.

वेन-पिन आधी अधूनमधून यायचा, आता रोज येतो. हात जड आहे, दोनदा सांगावं लागतं. पण माझ्या भावाचा मुलगा आहे, आडनाव आपलंच, येन आहे. दुकान कुणाच्या तरी हातात द्यायला हवंच.

भुईमुगाच्या शेंगा बोटीवर दिल्यात. सासूबाईंना आधी दे, म्हणजे तोंड चालेल त्यांचं दुसरीकडे.

बाबा

वूछी, फेब्रुवारी १९८४

बाबा,

चांद्र नववर्षाचं माहेरपण आटोपून परत आले ती दुकानातच अडकले. शेंगा सासूबाईंनी खाल्ल्या, तोंड काही थांबलं नाही.

भोक, झोळ, स्प्रिंग, सगळं तुम्ही लिहिलं तसं करते. फरक आहे, नाही म्हणत नाही. आधी महिन्याला गाडी परत यायची, आता दोन-अडीच महिन्यांनी येते. पण येते. कळंक तोच. लूंनी एवढ्या सुधारणेवर यंदा काम ठेवलं, पण ठेवताना चेहरा आंबट केला.

तिथे असताना मला तुमच्याबरोबर दुकानात बसायचं होतं. दोन-तीनदा निघाले, तर तुम्ही दर वेळी म्हणालात, माहेरी आलीस तर आईजवळ बस. आईजवळ बसून भाजी निवडली. एकदा मागच्या अंगणात आले तर तुम्ही वेन-पिनला काहीतरी दाखवत होतात, आणि मला बघून दोघं गप्प झालात. मला वाटलं, माझ्या मुलांसाठी काही बनवताय. मग काही दिलं नाहीत, तेव्हा वाटलं विसरलात.

खरं सांगा, हातचं राखून तर नाही ना ठेवलंत काही? कुओ-आन गमतीनं म्हणतो की सगळे उस्ताद एक डाव झाकून ठेवतात. मी म्हटलं, ते शिष्यांपासून झाकतात, मी मुलगी आहे.

वेन-पिनला आठवडाभर इकडे पाठवता का? माझं काम बघेल आणि चुकतंय ते सांगेल.

आ-श्या

मागुंग, मार्च १९८४

आ-श्या,

वेन-पिनला पाठवता येणार नाही. इथे कामं तुंबलीत.

जे होतं ते सगळं लिहिलं. नवऱ्याला सांग, गप्पा कमी आणि काम जास्त. आणि हिवाळाभर खोलून-खोलून पट्ट्या झिजवू नकोस. तू घाई करतेस, लहानपणापासून करतेस. पेट्रोल पुरतं उडू देत नाहीस आणि वर ग्रीस लावतेस, हेच असणार.

आई म्हणते, यायचं तर धाकट्याला घेऊन ये, गेल्या खेपेला त्याला धड बघितलंच नाही.

बाबा

वूछी, डिसेंबर १९८४

बाबा,

आ-रन पडला.

तुम्हाला सांगितलं होतं त्याच्याबद्दल. लूंकडचा पोऱ्या, मला "मालकीणबाई, तुमचा हात लागला की गाडीला पण लाज वाटते बंद पडायला" म्हणायचा तो. बंदराच्या बांधाजवळच्या रस्त्यानं सिलिंडर घेऊन येत होता. अंधार पडला होता. खड्ड्यात चाक गेलं आणि पुढचा दिवा विझला. पुढे ट्रक उभा होता. तो त्याला दिसला तेव्हा दिसून उपयोग नव्हता.

सिलिंडर फुटला नाही हे नशीब. पाय दोन ठिकाणी मोडलाय. डॉक्टर म्हणतात चालेल, पण लंगडेल.

तो दिव्याचा स्विच माझ्या हातचा होता. मीच केला होता. पेट्रोल वाळेपर्यंत मी दुकानाबाहेर उन्हात उभी होते, हातात धरून, तुम्ही घाई करू नकोस म्हणाला होतात म्हणून. भोक मोकळं होतं. झोळ दिला होता. लूंनी गाडी परत आणून टाकली तेव्हा मी स्विच खोलला. ग्रीस होतं तसं होतं, पातळ, तुम्ही सांगितलं तसं. त्याच्याखाली पट्टी हिरवी झाली होती.

आ-रनची आई दुकानात आली होती. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं एवढंच विचारलं, "दिवा तूच दुरुस्त केला होतास ना?" मी हो म्हटलं. ती वळली आणि गेली. कुओ-आन म्हणाला, रस्त्यात ट्रक उभा करणाऱ्याची चूक आहे. असेल. पण ती ट्रकवाल्याकडे गेली नाही, माझ्याकडे आली.

लूंचं काम गेलं. त्याचं मला आता काही वाटत नाही. मला एवढंच कळायला हवं की माझ्या हातातच खोट आहे का. तुम्ही माझा हात बघितलाय. मी तुमच्या दुकानातल्या स्टुलावर बसून पट्ट्या घासायची तेव्हा तुम्ही आईला म्हणायचात, पोरीचा हात हलका आहे. ते मला खूश करायला म्हणत होतात का? तसं असेल तर आता सांगा. मी हँडल खोलणं सोडते. अजून एखाद्याचा पाय मोडायच्या आत सोडते.

या वर्षी नववर्षाला यायला जमणार नाही. आ-रनच्या घरी कामाला कुणी नाही, मी जाते.

आ-श्या

मागुंग, जानेवारी १९८५

आ-श्या,

वाचून वाईट वाटलं. समुद्रदेवीच्या देवळात मुलाच्या नावानं उदबत्ती लावली. तूही लाव.

जीव वाचला हे मोठं. स्विच म्हटल्यावर कधीतरी जायचाच, माझेही जातात. मनाला लावून घेऊ नकोस.

हाताचं विचारलंस. हात तुझा हलका होता, ते खोटं नाही. पण लहान मुलीचा हात वेगळा आणि संसारातल्या बाईचा वेगळा. शंभर व्यवधानं असतात. सोडावंसं वाटत असेल तर सोड, कुणी नावं ठेवणार नाही. कुओ-आनला पंक्चर आणि ऑइल पुरेल.

सुकी मासळी पाठवतोय. थोडी त्या मुलाच्या घरी दे.

बाबा

वूछी, मार्च १९८५

बाबा,

हे पत्र आईला वाचून दाखवा. सगळं दाखवा, तुम्हाला हवं तेवढंच नको. ती मागे उभी असेलच.

तुमच्या पत्रानंतर मी हँडल खोलणं सोडलं होतं. अवजारांचा डबा कपाटावर टाकला. सासूबाईंनी पहिल्यांदा मला गोड शब्दांत विचारलं की जेवलीस का, इतकी मी हरलेली दिसत असणार.

मागच्या आठवड्यात आपल्या बेटांवरचे, पायशाकडचे हुंग काका आले. ते मुलाबरोबर इकडच्या बंदरात मासेमारीला आलेत, गाडी बोटीतून घेऊन आलेत. मला बघून म्हणाले, "अगं, तू तियेन-लाइची पोरगी ना? तुझ्या बापानं केलेला स्विच आहे, तीन हिवाळे झाले, बघ अजून कसा टक-टक वाजतो. हँडल वाकलंय तेवढं सरळ कर." हँडल काढायचं तर स्विच काढावा लागतो. काढला. आणि मला राहवलं नाही, खोलला.

बाबा, आत पट्ट्या पिवळ्याधमक होत्या. तीन हिवाळे. आणि कोपऱ्यात ग्रीसमध्ये तांदळाचा एक दाणा चिकटलेला होता.

मी काकांना विचारलं, यात तांदूळ कसा? ते हसायला लागले. "कसा म्हणजे? मी घ्यायला गेलो तेव्हा तुझा बाप दुकानात नव्हता. तुझ्या आईनं चुलीजवळच्या तांदळाच्या डब्यातून काढून दिला, वेन-पिननं माझ्यासमोर ग्रीस लावून बसवला. स्विच कोमट होता अजून. शेजारी भांड्यात दुसरे भिजत पडले होते. मी म्हटलं, वहिनी, आज स्विचचं सूप का? तुम्ही नाही का धूत इकडे?"

मी म्हटलं, नाही, आम्ही नाही धूत.

म्हणजे पाणी. उकळून कोमट केलेलं गोडं पाणी, आणि मग गरम तांदळात वाळवायचं. मी दीड वर्षापूर्वी तुम्हाला हेच विचारलं होतं. माझ्या कोंबडीच्या अक्षरात, स्पष्ट. पाण्यात बुडवू का? आणि तुम्ही लिहिलंत, कधीच नाही.

तुम्ही गप्प बसला असतात तर मी समजून घेतलं असतं. उत्तर दिलं नसतंत, किंवा पेंगहू बेटांकडची बोट बुडाली म्हणून पत्र मिळालं नाही म्हणाला असतात, तरी चाललं असतं. मी माझी माझी बुडवून बघितली असती. मी त्याच आठवड्यात करणार होते. तुम्ही माझ्या तोंडातला घास काढून घेतलात, आणि वर मला मूर्ख म्हणालात. मग भोक काय, झोळ काय, ते सगळं खरं होतं, म्हणून तर मी बाकीचंही खरं धरलं.

आणि आ-रन पडला तेव्हा? तेव्हाही तुम्हाला माहीत होतं. मी विचारलं माझ्या हातात खोट आहे का, तर तुम्ही उदबत्ती लावली आणि मला संसाराची व्यवधानं सांगितलीत. तो पोरगा काठी घेऊन गल्लीत चालायला शिकतोय. त्याच्या घरी तुमची सुकी मासळी मी नेऊन दिली. त्याच्या आईनं तळली आणि मलाच वाढली, बाबा. मी खाल्ली.

मागच्या अंगणात वेन-पिनला काय दाखवत होतात तेही आता कळलं. मला वाटलं होतं मुलांसाठी काही.

आईला विचारा. तिला लिहिता येत नाही म्हणून तिनं कळवलं नसेल, असं मी आधी मनाला समजावलं. पण नववर्षाला मी तिच्या शेजारी बसून भाजी निवडत होते. तेव्हा लिहायची काय गरज होती? पाणी तर तीच तापवत होती.

आ-श्या

मागुंग, मे १९८५

आ-श्या,

पत्र आईला वाचून दाखवलं. सगळं, तू म्हणालीस तसं. ती उठून कोबीला पाणी घालायला गेली. त्या दिवसापासून ती मला स्विचसाठी पाणी तापवून देत नाही. चुलीपाशी मीच उभा असतो.

बापाला जाब विचारणारं पत्र मी आजवर बघितलं नव्हतं. उत्तर देणार नव्हतो, पण देतो.

माझ्या वडलांनी मला हे लग्नानंतर दाखवलं, तेही दार लावून. माझ्या बहिणीला दाखवलं नाही. ती त्यांच्याच दुकानात वाढली होती, तिचाही हात हलका होता. ती मासे सुकवायच्या कामाला गेली आणि तिनं कधी कुणाला विचारलं नाही. आपल्या घरात ही गोष्ट मुलाकडे जाते. मुलगा नसेल तर भावाच्या मुलाकडे. मुलीला दिलं की ते नवऱ्याचं होतं, दिरांचं होतं. तुला सांगितलं असतं तर कुओ-आनला कळलं असतं, उद्या त्याचे भाऊ मागुंगला येऊन माझ्याच समोर दुकान थाटायला मोकळे.

तू बरोबर विचारलंस, हेच तर अवघड झालं. दुसरं काही विचारलं असतंस तर मी गप्प बसलो असतो. बरोबर विचारलंस म्हणून खोटं लिहावं लागलं. तुला काय वाटतं, मला ते लिहिताना बरं वाटलं? बापाला हौस नसते.

त्या मुलाचा पाय मी मोडला नाही. पण उदबत्ती मी खरीच लावली होती.

आता दुसरं. वेन-पिन गेला. ताइपेईला विमा विकतो, सूट घालून. म्हणतो हाताला पेट्रोलचा वास नको. इतकं शिकवून.

तेव्हा मी विचार केलाय. तुला दोन मुलगे आहेत. धाकट्याला येन आडनाव दे. नवीन काही सांगत नाही, ज्यांच्या घरी मुलगा नाही त्यांच्याकडे हे चालतं, तुझ्या सासरच्या त्साईंचा वंश मोठ्याकडे राहतोच. मग तो माझा. सुट्टीत पाठव, मी स्वतः शिकवीन, काही झाकणार नाही. दुकानही त्याचंच. असं केलंस तर घरातलं घरात राहील आणि तुझंही भलं होईल.

कुओ-आनशी बोल आणि कळव.

बाबा

वूछी, जून १९८५

बाबा,

कुओ-आनशी बोलले. तो चांगला माणूस आहे, म्हणाला तुझी इच्छा असेल तर देऊ आडनाव. माझी इच्छा नाही.

तुम्ही धाकट्याला मागितलंत, मला नाही. एवढं झाल्यावरही तुम्हाला असं सुचलं नाही की पोरी, तूच ये, बस इथे. ज्या गोष्टीसाठी मी दीड वर्ष भीक मागितल्यासारखी पत्रं लिहिली ती तुम्ही सहा वर्षांच्या मुलाला देणार, का, तर त्याच्यापुढे येन लिहिता येतं. मग मी काय होते इतकी वर्षं त्या स्टुलावर?

पाणी तुम्हीच तापवता हे बरं झालं.

मी काय केलं ते सांगते, दुसऱ्याकडून कळायला नको. दुकानासमोर फुटपाथवर चूल मांडली, वर मोठी किटली ठेवली. आ-रनला खुर्चीवर बसवलं, तांदळाचा डबा त्याच्याकडे. गल्लीतल्या तिन्ही गॅरेजवाल्यांना बोलावलं. पलीकडच्या गल्लीतला चौथा लांबून बघत होता, त्यालाही हाक मारली. स्विच खोलून पाण्यात टाकला तेव्हा सगळे ओरडले, "मालकीणबाई, काय करताय?" मग दाखवलं. आधी पेट्रोल, मग गोडं पाणी, दोनदा बदलून, मग तांदूळ, मग ग्रीस. लपवण्यासारखं आणखी काही असेल तर ते मला माहीत नाही, नाहीतर तेही दाखवलं असतं. त्यातल्या एकाचा भाऊ पेंगहूच्या बोटीवर काम करतो. तो सांगेल तिकडे, मी सांगू नको म्हटलेलं नाही.

आ-रन आता आमच्याकडेच कामाला येतो. बसून करायचं काम आहे, त्याला जमतं.

युएश्या

मागुंग, जानेवारी १९८६

युएश्या,

तू माझं घर बुडवलंस.

धक्क्यावरची पोरंसुद्धा आता आपापल्या स्वयंपाकघरात स्विच धुतात. परवा एक म्हणाला, "मास्तर, तांदूळ कुठला वापरता? नवा की जुना?" हसत होता. या हिवाळ्यात दुकानात टायरचीच कामं आली. माझ्या वडलांनी आणि मी जे सांभाळलं ते तू फुटपाथवर ओतलंस. परक्यानं केलं असतं तर मला एवढं लागलं नसतं.

नववर्ष आलं. आई सारखी विचारते. मी तिला सांगितलं की तू येणार नाहीस.

बाबा

वूछी, जानेवारी १९८६

बाबा,

मी येणार नाही असं आईला का सांगितलंत? मी तसं लिहिलेलं नाही. तिला सांगा, नववर्षाच्या दुसऱ्या दिवशी येतेय. लग्न झालेल्या मुली ज्या दिवशी माहेरी येतात त्याच दिवशी.

घर बुडालं म्हणता. तुमच्या दुकानात यंदा टायरचीच कामं आली, इथेही स्विच घेऊन कुणी परत आलं नाही, ना आमच्याकडे ना शेजारच्यांकडे. माझंही काम त्यानं कमी झालं. आ-रनची आई परवा स्वतःची गाडी घेऊन आली, स्विच माझ्याकडून करून घेतला आणि दिवा लावून घरी गेली. मला तेवढं पुरलं. तुम्हाला लागलं असेल, मला माहीत आहे. मलाही परक्यानं केलं असतं तर एवढं लागलं नसतं.

दर वर्षी आम्ही बोटीनं यायचो. समुद्र खवळला की बोटी बंद, आणि आठ-आठ दिवस अडकून पडायचो. कुओ-आन वैतागायचा. मी मनातल्या मनात वारा पडू नये म्हणायचे, म्हणजे आणखी एक दिवस तुमच्या दुकानाच्या दारात घुटमळता येईल. ते तुम्हाला कधी सांगितलं नाही.

या वेळी विमानाचं तिकीट काढलंय. सकाळी येईन, आईबरोबर जेवेन आणि दुपारच्या विमानानं परत. मुक्काम करणार नाही. मुलांना आणत नाही. लाल कागदात बांधलेली मिठाई आणीन, कुणाच्याही घरी जाताना न्यावी तशी. दुकानाच्या बाजूला फिरकणार नाही, पुढच्या खोलीत बसेन. तुमच्याच हिशेबानं मी त्साईंच्या घरची आहे. तर त्साईंच्या घरची येईल, आणि तुम्ही तिला काही दाखवायची गरज नाही.

आईला सांगा, तिच्यासाठी मऊ बुटांचा जोड घेतलाय. माप तेच असेल असं धरलंय.

विमानतळावर घ्यायला येऊ नका. मी टॅक्सी करीन.

त्साई युएश्या